गुरुवारचे निरोप

केंद्र म्हणजे काय, तर मासळी खारवायची जुनी शेड.
भिंतीतून मीठ अजून पाझरतं,
आणि छपरावर एका बुडालेल्या होडीची डोलकाठी
अँटेना म्हणून उभी.
डेल्फीन बार्रियांनी ती बैल जुंपून ओढत आणली,
बासष्टच्या ऑगस्टात, म्हणजे आमच्या चिलोएत ऐन थंडीत.
आवाज आठ बेटांपर्यंत जायचा.
नवव्या बेटापर्यंत फक्त दक्षिणेचा वारा असला तर,
असं तिथली माणसं आजही शपथेवर सांगतात.

पहाटे साडेपाचला भरती-ओहोटी.
मग बटाट्याचा भाव.
मग पाद्रीबाबा दहा मिनिटं,
त्यातली तीन खोकल्याची.
दुपारभर मेक्सिकोची गाणी: घोडे, दगाफटका, वाळवंट.
आम्ही कुणी वाळवंट पाहिलेलं नव्हतं,
आमचे तर मोजेही कधी वाळायचे नाहीत.

आणि साडेसातला निरोप.
एका निरोपाला एक अंडं.
एदुविना मिल्यालोंको वाचायच्या,
मी जनरेटरपाशी, वय वर्षं अकरा.

धाकट्या बेटावरच्या रुपेर्तोला:
आईला दवाखान्यातून सोडलं. शुक्रवारी भरतीला होडी आण,
घोंगडी विसरू नकोस.
ओर्तेन्सियाला: दात काढला. बाकी ठीक.
ज्याने माझी कुऱ्हाड नेली त्याला:
दांडा इथेच राहिलाय, तोही घेऊन जा.

बाळंतपण असो की मयत, एदुविनांची पट्टी एकच,
जणू साऱ्या गावाचे कपडे
एकाच दोरीवर वाळत घालतायत.

त्र्याहत्तरच्या सप्टेंबरात
एक कोवळा सार्जंट शेडमध्ये खुर्ची टाकून बसला.
मिसरूड नुकतं फुटलेलं, हातात लाल पेन्सिल.
निरोप आला: तांबडी गाय व्याली, दोघं सुखरूप.
त्याने 'तांबडी' खोडलं.
एदुविनांनी वाचलं, "गाय व्याली,"
आणि बरोबर एका शब्दाएवढ्या थांबल्या.
आठ बेटांनी त्या जागेत रंग भरला.

त्याच महिन्यात शाळेतून मास्तरांना नेलं,
तेओफिलो नाइन, मला भागाकार शिकवणारे.
गुरुवारी त्यांची आई, दोन्या रोसेंदा, अंडं घेऊन आली.

तेओफिलोला, असेल तिथे:
धक्क्यावर घोडा बांधून ठेवलाय.
रात्र झाली तरी चालेल.

सार्जंटने ओळ तीनदा वाचली.
खोडण्याजोगा शब्द सापडेना.

पुढच्या गुरुवारी तेच. त्याच्या पुढच्याही.
सार्जंटची बदली झाली, दुसरा आला, मग कुणीच नाही.
डेल्फीन गेले. एदुविनांना ऐकू येईनासं झालं,
तरी हेडफोन लावून बसायच्या, सवयीने.
माइक माझ्याकडे आला तेव्हा
रोसेंदाबाईंनी मजकूर बदलला, पहिल्यांदाच:

घोडा थकला रे. आता त्याचं शिंगरू आणते.
तांबडं आहे, ओळखशील.

मी तो शब्द वाचला.
गळ्यात काहीतरी अडकलं, भरती-ओहोटीच्या वेळा चुकवल्या,
दुसऱ्या दिवशी तीन कोळ्यांनी शिव्या घातल्या.

आता खिशाखिशात फोन आहेत.
कुऱ्हाडी हरवतच नसाव्यात बहुधा.
नवा व्यवस्थापक चांगला मुलगा आहे, लॅपटॉप घेऊन येतो,
म्हणतो, साडेसातला जाहिराती घेऊ,
निरोप तर एकच येतो, तोही गुरुवारी.
येतो, हे त्याचं म्हणणं. मी दुरुस्त करत नाही.

रोसेंदाबाई शेवटच्या आल्या तेव्हा
टोपलीभर अंडी ठेवून गेल्या टेबलावर.
मोजली तेव्हा बावीस भरली, म्हणजे बावीस गुरुवार.
त्याला आता पंचवीस वर्षं होतील.
पण माझा भागाकार अर्धवटच राहिलेला,
हिशेबात मी कच्चा.

त्यांच्या मजकुराला हात लावायचा हक्क कुणालाच नाही,
म्हणून शिंगरू वाढलेलं नाही.
साडेसातला मी माइक उघडतो,
धक्क्यावर ते खूर आपटतं.
मग बटाट्याचा भाव.