सादिलवार

फेलोशिपच्या पत्रात रकमा दोन होत्या.
एक माझ्या जगण्याची, दरमहा,
ती अकरा महिन्यांनी एकदम आली.
दुसरी सादिलवार.

हा शब्द मी पहिल्यांदा वाचला
अर्जुनीच्या सेवा केंद्राच्या बाकावर,
आणि वाटलं, कुणाचं तरी आडनाव असेल.
डोंगरवार असतात, सोनवार असतात,
तसे कुणी सादिलवार,
बहुतेक मोठे साहेब.

त्या अकरा महिन्यांत
मेसवाल्या काकूंना मी इतक्यांदा
‘पुढच्या आठवड्यात देते’ म्हटलं
की दारात दिसले की त्याच म्हणायच्या,
पुढच्या आठवड्यात ना? बस, जेव.

विषय होता बोडीतले देशी मासे.
नमुने घ्यायचे तर डोंगा हवा.
आमच्या तलावावर डोंगे तीन.
एक फुटका,
एक सोसायटीच्या अध्यक्षाचा, त्यात त्यांची बकरी निजते,
एक बाबांचा.

सहा पहाटा बाबांनी मला पाण्यावर नेलं.
परसूड कुठं दाट आहे, देवधानाखाली कोण लपतं,
वाघूर कुठल्या कडेला येतो हे वल्ह्यानं दाखवलं,
बोटानं नाही.
माझ्या वहीत लॅटिन, त्यांच्या तोंडी
दाडक, बोटरी, शिंगूर.
मी दोन्ही लिहून घेतलं. एक ओलं झालं.

विद्यापीठातल्या बाईंनी बिलं चाळली.
नावाडी : पतिराम मारबते.
तुम्ही : लतिका पतिराम मारबते.
त्यांनी चष्मा काढला.
नातेवाइकाला मानधन देता येत नाही हो.
दुसरा नावाडी बघा.

मी काही बोलले नाही.
उत्पन्नाच्या दाखल्यावर बाबा चालले होते,
तिन्ही वर्षं, तहसीलदाराच्या गोल शिक्क्यासकट.
अर्जात वडिलांचं नाव, वडिलांचा व्यवसाय,
वडिलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याची झेरॉक्स,
सगळीकडे तेच लागले.
नुसत्या पावतीवर चालत नव्हते.

मग कवडूकाकांनी सही केली.
रेव्हेन्यू तिकिटावर, अर्धी आत, अर्धी बाहेर,
मी शिकवली तशी.
काकांनी डोंगा विकून सात वर्षं झालीत,
आता गुडघ्याइतक्या पाण्यातही उतरत नाहीत.
सहा फेऱ्या, दोनशेप्रमाणे, बाराशे रुपये.
पैसे आले त्या सांजेला ते घरी आले,
नोटा बाबांच्या पुढ्यात ठेवल्या.
बाबांनी दोनशे परत केले.
‘सई तं तूच केली ना बावा.’

चौथ्या वर्षी तक्ता पूर्ण झाला.
त्रेचाळीस मासे. शास्त्रीय नाव, स्थानिक नाव,
नमुना क्रमांक, स्रोत.
मी मोबाईलवर वाचून दाखवला.
बाबा जाळ्याची गाठ मारत ऐकत होते,
मान हलवत, कुठं कुठं हसत.
मग म्हणाले, ‘एक रायला.’

जो राहिला तो मी कधी पाहिला नव्हता.
त्यांनीही लगनाच्या आधी पाहिलेला,
तलावात बाहेरची बिजाई पडली नव्हती तेव्हा.
मी म्हटलं, नमुना नाही, लिहिता येणार नाही.
ते म्हणाले, ‘मासा भेटला नाही तं
त्याचं नावही नाही काय?’

नाव इथं सांगत नाही, प्रबंधात आहे.
पान दोनशे बारा, ओळ चव्वेचाळीस.
शास्त्रीय नावाच्या रकान्यात आडवी रेघ.
नमुना : उपलब्ध नाही.
स्रोत : पतिराम मारबते, नावाडी.

गाईडनी तिथं पेन्सिलीनं गोल केला होता,
मग खोडरबरानं पुसला.
पुसल्याचं दिसतं अजून.