दहा ओळी

मुख्याधिकारी म्हणाले, नव्या व्यापारी संकुलाच्या
पुस्तिकेत जुन्या इमारतीचा इतिहास हवा.
दहा ओळी, जास्त नकोत.
तुम्ही नोकरीत होता, तुम्हालाच ठाऊक.

तर: रहिमतपूर नगरपालिका सूतिकागृह.
दगडी जोतं, मंगलोरी कौलं, खाटा अकरा.
पैकी एक कायम व्हरांड्यात,
नवऱ्यांच्या चुळबुळीनं मधोमध वाकलेली.

एस्तेर साळवे, मिरजेहून आलेली नर्स.
मूल रडेना तर त्यालाच शिव्या द्यायची,
चांगल्या ठसठशीत,
की ते रडायचं.
रविवारी प्रार्थनेला साताऱ्याची एसटी धरायची.
बऱ्याचदा स्टँडवरूनच
कुणीतरी सायकलवर बसवून परत आणायचं.

हौसाक्का मदने बंब पेटवायची.
त्या धुरानं मागची भिंत काळी झालेली,
पाचदा चुना मारला, बिलं मीच काढली,
तरी काळीच.
हे ओळीत धरायचं का?

नोंदवही वाळवी लागण्याआधी मी पाहिलीय.
तिच्यात जन्मलेल्या कुणाचंच नाव नाही.
शेवंता बाळू घोरपडे, मुलगी.
जैतुनबी हमीद आतार, मुलगा.
आजचे वकील, पतसंस्थेचे चेअरमन,
तिथं सगळे नुसतेच मुलगा.

आणि एका पानावर तांबड्या शाईत
आईचं नाव, पुढं मुलगी,
पुढं आडवी रेघ.
माझ्या आधीची.
वजनाचा रकाना मात्र भरलेला:
चार पौंड दोन औंस.

जेसीबी सकाळी सातला आला.
साडेअकराला ड्रायव्हर चहा पीत होता.
कौलं कुणीतरी ट्रॉलीतून गोठ्यासाठी नेली.
सात ओळी झाल्या. इथं थांबलो.

आई मंडईला जाताना
जन्मभर कासार गल्लीनं वळसा घ्यायची.
गुडघे गेले तरी.
आम्ही कधी विचारलं नाही.
परवा तिला घेऊन निघालो, म्हटलं,
आता काही नाही तिथं, मोकळं मैदान आहे,
सरळ जाऊ.
जाऊ की, म्हणाली.
कोपऱ्यापर्यंत आली.
पत्र्याच्या कुंपणाकडं बघितलं,
पिशवी या हातातून त्या हातात घेतली,
आणि वळली कासार गल्लीत.

मंडईत मेथीची जुडी पंधराला होती.
तिनं बाराला मागितली.