ब्याऐंशी

डिसेंबरात मोर्ल्याहून पहाटे निघते मी,
सहाची पाळी, वाळपईचं इस्पितळ.
काचेवर दव, धरणाकडून धुकं,
आणि डॅशबोर्डावरचा काटा
तळाशी, मांजर चुलीपाशी बसतं तसा.
पोचेपर्यंत जेमतेम एक रेघ चढतो.
पेट्रोल मात्र पिते गाडी
बाळंतिणीनं पेज प्यावी तसं.

इनासचं गॅरेज होंड्यात.
गावाचं नाव होंडा, दुरुस्तीला येतात मारुत्या,
टेम्पो, पूर्वी खाणीचे ट्रक.
हा विनोद त्याला वीस वर्षं ऐकवतात लोक.
मीही ऐकवला. तो हसला नाही.

"गाडी तापते म्हणून येतात सगळे, सिस्टर.
तापत नाही म्हणून आलेली तुम्ही पहिली."

रात्रभर गाडी दारात ठेवून घेतली त्यानं.
थंड इंजिनच खरं बोलतं, म्हणाला.
सकाळी सुरू केली आणि वरच्या पाइपावर
माझा हात धरून ठेवला.
"हा अजून गार हवा होता.
पाणी आधी आतल्या आत फिरून तापतं,
मग झडप उघडते, मग ते रेडिएटरकडे जातं."
पाइप पहिल्या मिनिटापासून कोमट,
शाळा बुडवणाऱ्या पोराच्या कपाळासारखा.

"झडप उघडीच अडकलीय."
बादलीत पाणी काढलं: कूलंट नव्हेच,
विहिरीचं, गंजून चहाच्या रंगाचं झालेलं.
दोन बोल्ट. झाकण निघालं.

आत झडप नव्हती.
अडकलेली नाही, मोडलेली नाही,
नव्हतीच.

कडेचा लाल सिलिकॉन तो नखानं खरवडत राहिला,
बराच वेळ.
"हे काम माझंच," म्हणाला.

एप्रिल होता तो. खाणी चालू,
ट्रकांची रांग सांखळीपर्यंत, झाडंसुद्धा लाल.
खाणीवरचा कोणी सुपरवायझर, बॉनेटमधून वाफ,
मागच्या सीटवर त्याची बायको, दिवस भरत आलेली.
पार्ट पणजीहून यायला दोन दिवस.
"काढून टाकली मी. म्हटलं, परवा या, नवी बसवतो."
मग खाण बंद पडली.
परवा आलाच नाही.

मी काय बोलणार?
आमच्याही केसपेपरांवर असतं 'तात्पुरतं' लिहिलेलं,
शाई उडून जाते, ते राहतं.

नवी झडप त्यानं दोऱ्याला बांधून
चहाच्या पातेल्यात सोडली, स्टोव्ह पेटवला.
बायकोचा पेराद घोटायचा थर्मामीटर आणला घरातून.
माझा बेचाळीसला संपतो.
त्यापुढे माणूसही.

सत्तर. काही नाही.
अठ्ठ्याहत्तर. आम्ही दोघं वाकलेले, वाफेत.
ब्याऐंशीला ती पितळी चकती
सुतभर सरकली,
आणि इनास पहिल्यांदा हसला.

मजुरी घेईना. मी दिली, त्यानं परत खिडकीतून टाकली.
शेवटी अर्ध्यावर मिटलं.

आज तिठ्याआधीच काटा मधोमध.
शटर बंद होतं त्याचं, तरी हॉर्न दिला.
पुढच्या वळणावर आठवलं:
त्या बाईचं पुढे काय झालं,
वेळेवर पोचली का,
विचारायचं राहूनच गेलं.