कोळशाचा धक्का

कोळशाची शेवटची बार्ज जुवारीत वळली
त्या संध्याकाळी रुझारिना पाट्या धुवायला बसली.
सात वेळा धुतल्या, सातही वेळा पाणी काळं.
मग म्हणाली, रावूं दी,
आणि त्यांत माती भरून मिरच्या लावल्या.

वजनकाटा कुणी विकत घेतला नाही.
सगुणचा नातू त्यावर चढून उभा राहतो.
काटा गंजून बसलाय
बावीस मणांवर.
पोरगं घरी जाऊन सांगतं,
मी बावीस मणांचा.

ओहोटीला आम्ही तिसऱ्या काढतो.
शिंपला उघडला की आत
कडेकडेनं एक बारीक काळी रेघ,
कुणी पेन्सिलीनं हिशेब मांडायला घेऊन
मध्येच उठून गेल्यासारखी.

धुऊन घेतो नीट.
तरी जेवताना एखादा कण
दाताखाली येतोच.

कुणी थुंकत नाही.