परिशिष्ट चार

आमची फर्म म्हणजे तीन खुर्च्या,
बिश्केकमध्ये, शिलाई मशिनं दुरुस्त करणाऱ्याच्या माळ्यावर.
मेदेर पूर्वी सांख्यिकी खात्यात होता,
अजूनही पेन्सिल कानामागे ठेवून झोपतो.
ल्युडमिला त्सोई हिशेब बघते,
हिशेबात काही नसलं की
खिडकीतल्या कोथिंबिरीला पाणी घालते.
आणि मी भाषांतर करते:
एखाद्या बाईचं दुखणं किरगिझमधून रशियनमध्ये,
रशियनमधून इंग्रजीत,
आणि तिथे पोचेपर्यंत त्याची
'मध्यम स्वरूपाची अडचण' झालेली असते.
पाण्यातल्या म्हशीचं मोल करतो आम्ही,
तेही तीन भाषांत.
खाली कुणी मशीन चालवून पाहिलं
की वर अहवालातले आकडे थरथरतात.

फेब्रुवारीत निघालो. काम असं:
कारा-बुलुन गाव, दूध थंड ठेवायची एक टाकी,
पाच वर्षांपूर्वी कुठल्याशा मंत्रालयाने दिलेली.
परिणाम काय झाला ते मोजून सांगा.
छत्तीस प्रश्न. पहिला हप्ता सही झाल्यावर.
सही होऊन बारा आठवडे लोटले होते.

टाकी सापडली, शाळेमागच्या खोलीत,
पोलाद अजून आरशासारखं.
आत बटाटे.
"गारठत नाहीत," बुरुलचा म्हणाली,
बाहेर उणे बावीस.
"फार चांगली टाकी आहे."
वीज कधी जाते, दुधाच्या गाडीचा ड्रायव्हर
रशियात विटा रचायला कधी गेला,
सगळं तिने एका दमात सांगितलं.
मी एका रकान्यात बसवलं:
पर्यायी वापर – आहे.

मग चहा, आणि कुरुत,
दाताखाली दगड वाटावेत असे खारट गोळे.
बाराव्या प्रश्नाला,
'उत्पन्नाचे मुख्य स्रोत किती?',
तिने माझा कागद हळूच स्वतःकडे फिरवला.
तुमचे किती?

एक.
कुठे असतो?
लांब. दोन विमानं बदलून.
शेवटचे पैसे?
सप्टेंबरात.
मग खाता काय?
मेदेरची पेन्शन, म्हटलं,
आणि ल्युडमिलाची बहीण सोलहून पाठवते ते.

तिने बोटांवर काहीतरी जुळवलं.
एक बोट दुमडायचं राहिलं, त्याकडे बघत म्हणाली,
"माझ्या गायी चार. एक आटली तरी तीन उरतात.
तुमची एकच, तीही परक्याच्या गोठ्यात,
आणि धार कधी काढायची ते तो ठरवणार.
पोरी, हा धंदा नाही, उपास आहे.
तुमच्या खाली कोण असतं म्हणालीस?
मशीनवाला? त्याचं चाललंय का बरं?
कधी विचारलंत?"

चोवीस प्रश्न उरले होते.
ते मी विचारले. तिने उत्तरं दिली,
जशी आजारी माणसाला देतात.
निघताना गाडीत एक पोतं ठेवलं,
टाकीतलं.

अहवालाला तीन परिशिष्टं लागतात:
करार, प्रश्नावली, फोटो.
मी चौथं जोडलं, तिचे प्रश्न, आमची उत्तरं.
मेदेरने वाचलं. कानामागची पेन्सिल काढली.
मला वाटलं, आता खोडणार.
त्याने पेन्शनच्या रकमेखाली फक्त रेघ मारली.
"तीनशे सोम जास्त लिहिलेस," म्हणाला,
आणि दुरुस्त केलं.

हप्ता अजून आलेला नाही.
बटाटे निम्मे संपले.
परवा खालचा मशीनवाला जिना चढून वर आला,
बुटांच्या खोक्यात सहा वर्षांच्या पावत्या घेऊन.
कर भरायचाय, काही समजत नाही म्हणाला,
बघून द्याल का, किती घ्याल?

आम्ही तिघं एकमेकांकडे पाहत राहिलो.
डॉलरमध्ये, दिवसाच्या दराने, तोंडपाठ आहे आम्हाला.
सोममध्ये भाव
कुणालाच सांगता येईना.