उगवण चाचणी

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत, मागच्या रांगेत
पत्र्याच्या छताची आमची बियाणं कंपनी.
मी दैवशाला. प्रयोगशाळेत. पाच वर्षं झाली.
ओल्या कागदावर शंभर-शंभर दाणे मांडायचे,
गुंडाळ्या करून पंचवीस अंशांवर ठेवायच्या,
सोयाबीन असेल तर आठव्या दिवशी उलगडून मोजायचं:
नीट उगवले किती, वाकडे किती, कुजले किती,
आणि टणक किती.
टणक म्हणजे मेलेलं नव्हे,
हे नव्या पोरींना पहिल्याच दिवशी सांगते मी.
ते पाणी घेत नाही, एवढंच.

पाचवा सरताना साहेबांना सांगितलं.
साहेब वाईट नाहीत. पेढे मागितले त्यांनी.
मग पंख्याकडं बघत म्हणाले,
सुट्टी घे की, कोण नको म्हणतंय.
पगाराचं मात्र...
ते सव्वीस आठवडे वगैरे मोठ्या कंपन्यांचं असतं.
दहा माणसं लागतात कायद्याला.
आपण नऊ.

नऊ.
हजेरीपटावर नऊच आहेत, खोटं कशाला बोलू.
त्यात साहेबांची वहिनी आहे,
जिला मी एकदाच पाहिलंय, लक्ष्मीपूजनाला.

नुसरत चाळिसाव्या दिवशी परत आली होती कामावर.
ॲप्रनच्या आत ओढणीची घडी,
दुपारपर्यंत ओली व्हायची ती.
आम्ही कुणी काही बोललो नाही.
मीसुद्धा.

त्या दिवशी दाणे मोजता मोजता माणसं मोजली.
वहिनी वजा, राहिले आठ.
पिशव्या शिवणारी कालिंदाबाई, तिच्या दोघी सुना,
रोजंदारीवर, व्हाउचरवर, कुठंच नाही अशा.
रातपाळीचा ग्यानबा, घरी जाण्याआधी चहाला थांबतो.
टेम्पोवाला फहीम.
शिवाय चहावाल्याची वही आहेच:
सकाळचे तेरा कट, बारा महिने, तारखेनिशी.
कायदा तर म्हणतो,
मागच्या वर्षातला कुठलाही एक दिवस,
दहा माणसं.
एक दिवस!
पोटातलं नाही धरलं मी.
नियमात बसेल तेवढंच मोजायची सवय आहे.

अर्ज लिहिला. तेरा नावं खाली जोडली.
पोच द्या म्हटलं, तर मुळे अकाउंटंट
चष्मा पुसत राहिले.
शिक्का साहेबांच्या ड्रॉवरमध्ये असतो, ताई.
मग पोस्टातून पाठवला,
वसाहतीच्या नाक्यावरून, याच वसाहतीतल्या कंपनीला.
नवरा म्हणाला, नोकरी जाईल.
म्हटलं, जाईल कदाचित.
बाळंतपणात काढता येत नाही, असंही लिहिलंय त्यात.
लिहिलेलं वाचतं कोण, म्हणाला.
त्याचंही चूक नाही.

अर्ज पाठवला त्याच दिवशी सोयाबीनचा एक लॉट लावला होता.
आज आठवा दिवस.
ब्याऐंशी, एकोणऐंशी, चौऱ्याऐंशी, ऐंशी.
लॉट पास. सही केली.
अर्ज पोचलाय, पावती आली माझ्याकडं.
साहेब केबिनमध्ये आहेत, दार लावून.
पाणी घेत नाहीत अजून.

जेवणाच्या सुट्टीत कालिंदाबाई
हाताचा सुतळीचा वास घेऊन जवळ बसली.
दहा वर्षं शिवतेय ती इथं पिशव्या.
भाकरी मोडता मोडता हळूच म्हणाली,
त्या कागदात माझं नाव टाकलंस म्हणं?
टाकलं.
आडनावासकट?
आडनावासकट, बाई.
मग तिनं माझ्या डब्यात
न विचारता शेंगदाण्याची चटणी वाढली,
दोन जणांना पुरेल एवढी.