गुडघाभर

दिवा लावला. तिन्ही जोड्या भिंतीला टेकून उभ्या,
शाळेत उशिरा आलेल्या मुलींसारख्या,
एकमेकींकडे न बघता.

काल रात्री व्हिंकोला फोन केला होता.
केबलकारच्या वरच्या ठाण्यावर असतो तो.
म्हणाला, "ताजा आहे, लुडविका, गुडघाभर."
व्हिंको कुणाचा गुडघा धरून मोजतो कोण जाणे.
गेल्या वर्षी त्याच गुडघाभरातून
मी दगड चुकवत उतरले होते.

बाहेर उणे तीन.
परसात पाऊल टाकलं तर वरचा पापुद्रा
पापडासारखा मोडला,
आणि काय ते कळलं: रात्री युग येऊन गेलं.
आमच्या बोहिनात दक्षिणेच्या वाऱ्याला
युगच म्हणतात.
एक युग गेलं की कालचा कोवळा बर्फ
सकाळी म्हातारा, हाडं धरून बसलेला.

तर मग अरुंद जोडी. एकशे पासष्टची.
कडेवर नख उभं फिरवलं की नखाचा भुगा पडतो.
कडक उतारावर ती बोलते,
करकरीत, एकेक अक्षर सुटं,
शुद्धलेखन घालणाऱ्या बाईंसारखी.
मऊ बर्फात मात्र तोंडघशी.

रुंद जोडी येर्नेयची. ल्युब्ल्यानाला जाताना
"वापर गं आत्या" म्हणून ठेवून गेला.
आम्ही तिला परात म्हणतो.
ताज्या बर्फावर परात तरंगते,
आणि एकसष्टाव्या वर्षी, गुडघ्यांसकट,
मलाही तरंगवते.
गोठलेल्या उतारावर तिचं
दात पडलेल्या कुत्र्यासारखं:
आवाज पुष्कळ, पकड नाही.

तिसरी एप्रिलची.
चिखल झालेल्या बर्फातून गवत डोकावतं, त्या दिवसांची.
तळाला चरे, कडांना गंज.
हिच्याखाली दगड आला
तर कीव दगडाची येते.
तिला आज बोलावलंच नव्हतं,
तरी उभी होती.

गाडीत जागा एका जोडीची.
मागच्या सीटवर मधमाश्यांच्या रिकाम्या पेट्या,
ब्लाझच्या, शरदापासून परत द्यायच्यात.
अरुंद जोडी तिरपी घातली. दार लावलं.
दार उघडलं. काढली.
परात घातली.
वरच्या खिडकीतून आंद्रेय ओरडला,
"दोन्ही ने, पण झोपू दे!"
दोन्ही नेऊन काय करू?
एक पायात, एक मनात,
एक ना धड भाराभर चिंध्या.

थर्मासमध्ये चहा ओतताना मला सगळं ठाऊक होतं:
उणे तीन, पापुद्रा, युग.
नख हातातच होतं.
पण मला व्हिंकोवर नाही,
गुडघाभर या शब्दावर विश्वास ठेवायचा होता.
परात नेली.

केबलकारमध्ये कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही.
सगळ्यांच्या नजरा पायापाशी, स्कींच्या रुंदीवर,
मग हळूच खिडकीबाहेर, खाली सरोवरावर.
बेकरीवाल्या मार्येताकडे अरुंद होत्या.
ती काहीच म्हणाली नाही.
काहीच न म्हणण्याची तिची एक पद्धत आहे.

पहिल्याच वळणाला आवाज आला,
लोखंडी पत्र्यावरून कपाट ओढल्याचा.
दुसऱ्या वळणाला मी कपाट होते.

व्हिंको ठाण्याच्या दारात, हातात फावडं.
त्यानं परातीकडे बघितलं, मग आभाळाकडे.
"रात्रीपर्यंत होता," म्हणाला. "शपथ.
दोनपर्यंत थांब. ऊन लागलं की मऊ पडेल."

मग मी थांबले.
परात बर्फात उभी रोवून ठेवली, उन्हाकडे तोंड करून.
चहा संपला, मार्येता चारदा गेली, चारदा आली,
दर खेपेला गाल जास्त लाल.
खाली फुझिन्यात, लाकडांच्या खोलीत,
अरुंद जोडी आता काय करत असेल,
असलं काहीतरी डोक्यात यायला लागलं.

दीडला लार्चच्या झाडांखालचा बर्फ
बुटाच्या टाचेनं दाबून पाहिला.
टाच आत गेली. बोटभर.
व्हिंकोच्या मापानं, म्हणजे, गुडघाभर.
मी बूट आवळले, पट्टे लावले.

दोनला पाच कमी असताना
सूर्यावर ढग आला.